मन्मथअप्पांचा खड्डा

मन्मथअप्पा आपल्या अंघोळीचं पाणी मोरीत जाऊ देत नसत. जस्ताच्या पसरट टबात मांडी घालून बसायचं, दोन तांबे अंगावर घ्यायचे, खसाखसा अंग चोळायचं, वर आणखी एक तांब्या, की झाली अंघोळ. साबण नाही. मग टबातलं ते गढूळ पाणी फडक्यातून गाळून तेलाच्या रिकाम्या डब्यात भरायचं, डबा सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं आवळायचा आणि सायकल हातात धरून चालत दवाखान्यात यायचं. सायकलवर बसत नसत, कारण बसलं की पाणी हिंदकळतं. रस्त्यात कुणी विचारलं, काय अप्पा, दूध आणलं का, तर हाव, दूधच हाय, म्हणून पुढं निघायचे.

दवाखान्यात आले की आमच्या कार्डिओग्रामच्या खोलीमागं जायचे. तिथं जमिनीत एक खड्डा होता, वर सिमेंटचं झाकण आणि त्यातून डोकावणारं पाइपाचं तोंड. डब्यातलं सगळं पाणी ते त्या पाइपात सावकाश ओतायचे. शेवटचा थेंब पडेपर्यंत डबा उपडा धरून उभे राहायचे. त्या वर्षी लातुरात माणसं घागरीच्या मागं घागर लावून रात्री नळाशी झोपत होती, आणि हा माणूस रोज सकाळी मातीला पाणी पाजत होता. बघणाऱ्याला वाटायचं, उन्हानं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं.

मी धर्माबादची. आमच्याकडची मिरची नावाजलेली आहे, आणि माझी जीभही त्याच बाजारातून आली असं माझ्याबरोबर काम केलेल्या बहुतेकांचं मत होतं. नर्सिंग करून दोन वर्षं नांदेडात काढली आणि मग लातूरला आले. लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेतून वेगळं निघून जिल्हा झालं होतं. जिल्हा झाल्यावर गावात काय काय पाहिजे याची जो तो आपापली यादी करत होता. मी ज्या दवाखान्यात लागले तो काही व्यापाऱ्यांनी ट्रस्ट करून चालवलेला होता. एका डाळमिलच्या आवाराचा अर्धा भाग त्यासाठी मोकळा केलेला होता. भिंतीपलीकडं मिल धडधडायची आणि अलीकडं आम्ही पेशंटला सांगायचो की शांत पडून राहा. आमच्या ट्रस्टींच्या यादीत पहिली वस्तू होती कार्डिओग्रामचं मशीन. तोवर लातुरात छातीत कळ आली की माणसाला जीपमध्ये घालून सोलापूर गाठायचं, आणि पोचला तर पोचला.

मशीन आलं. नारळ फुटला, पेढे वाटले, एका ट्रस्टींनी स्वतःला झोपवून घेऊन पहिला मान घेतला. वाट्या छातीला लावल्या, पट्टे हातापायांना बांधले, बटण दाबलं आणि कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. त्यावरची रेघ म्हणजे केसाळ सुरवंट होता. हृदयाचा ठोका त्या केसांतून कुठंतरी डोकं वर काढत होता एवढंच. आमचे डॉक्टर पत्की चष्मा कपाळावर सारून म्हणाले, ही पट्टी खरी मानली तर साहेब, तुम्ही परवाच वारलेले आहात. सगळे हसले, पण पत्की हसले नाहीत. त्यांना पुढच्या छातीदुखीच्या माणसाचं काय करायचं हे दिसत होतं.

कंपनीचा माणूस आला. त्यानं मशीन उघडलं, बंद केलं आणि सांगितलं, मशीन ठणठणीत आहे, तुमची इमारतच खराब आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं. तो गेला. दारात उभे असलेले अप्पा मात्र म्हणाले, "शिष्टर, ह्या वक्ताला अंगणच वाकडं हाय."

अप्पा म्हणजे आमचे वायरमन. चाकूरकडच्या एका खेड्यातले. वीसेक वर्षं भिंतीपलीकडच्या मिलच्या मोटारी त्यांनी सांभाळल्या होत्या, आणि दवाखाना निघाल्यावर ट्रस्टींनी त्यांना इकडं दिलं होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खाकी सदरा, खिशात पेचकस आणि गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग. मोटार बिघडली की ते तिला हात लावायच्या आधी पेचकसाचं टोक तिच्या अंगाला टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकत बसायचे. पत्कींची नळी आणि त्यांचा पेचकस यात काही फरक नाही असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरांची नळी महाग आहे, एवढं ते मान्य करत.

मी रुजू झाले त्या दिवशी दुपारी ते खोलीत आले आणि माझ्या तांब्यातलं पाणी मागून प्यायले. साधी गोष्ट आहे. पण मी बौद्ध घरातली, वाघमारे. आमच्या तांब्याकडं बघून तहान नसल्याचं सांगणारी माणसं मी लहानपणापासून पाहिलेली होती. अप्पांनी नावही विचारून घेतलं होतं आणि मग पाणी मागितलं होतं. ते मी कधी विसरले नाही.

तर अंगण वाकडं होतं. ते कुठं वाकडं, हे शोधायला अप्पांनी पेशंट म्हणून स्वतःलाच झोपवलं. पत्की म्हणाले, छातीवरची ती चांदी काढून ठेवा. अप्पा म्हणाले, हे अंगावरून उतरत नसतं, साहेब. बराच वेळ दोघंही हटले नाहीत. शेवटी करंडा डाव्या तळहातात धरून झोपायचं ठरलं. मी पट्टी काढायची आणि अप्पांनी पडल्या पडल्या ओरडायचं. पंखा बंद करा, काढा पट्टी. मिलवाल्याला सांगा, मोठी मोटार बंद कर, काढा पट्टी. कुलर बंद. बोअरची मोटार बंद. असं आठवडाभर चाललं. सगळ्या पट्ट्या त्यांनी ओळीनं भिंतीला लावल्या आणि त्यांच्यापुढं उभे राहून देवाच्या फोटोंकडं बघावं तसे बघत राहिले. त्या दिवसांत त्यांच्याइतके कार्डिओग्राम निघालेला माणूस मराठवाड्यात दुसरा नसेल. आपल्या हृदयाची रेघ त्यांना तळहातासारखी पाठ झाली होती.

"कोण गोंधळ घालून राहिलंय ते बोंबलून कळत नसतं," ते म्हणायचे. "एकेक बंद करून बगायचं." हे त्यांचं सगळ्याच बाबतीतलं शास्त्र होतं. माझं डोकं दुखायचं तेव्हा आधी चहा बंद करून बगा म्हणाले, मग कडक विंचरलेली वेणी सैल करून बगा म्हणाले. एका ट्रस्टींच्या घरात भावाभावांत जुंपली होती, त्यांनाही अप्पांनी सुचवलं की पंधरा दिवस मेव्हण्याला बंद करून बघा. मेव्हणा पंधरा दिवस आला नाही आणि भाऊ जेवायला एका पंगतीला बसले, अशी कथा होती. खरी-खोटी ती मिल जाणे.

एकेक बंद करता करता उलगडा झाला. मिलच्या वायरी आमच्या खोलीच्या भिंतीवरून मशीनच्या वायरीशेजारून गेल्या होत्या. अप्पांनी त्या उपसून लोखंडी पाइपात घातल्या आणि जिथं गाठ पडणारच होती तिथं आडव्या नेल्या. वायरी चौकात भेटाव्या, गल्लीतून संगं चालू नये, संगं चालल्या की एकीचं दुसरीला लागतं, असं त्यांनी मला समजावलं. पेशंटकडून मशीनकडं येणाऱ्या पाच वायरी सुट्या लोंबायच्या, त्यांची त्यांनी माझ्याकडून वेणी घालून घेतली. सैल नको, कडक, शाळेत जाणाऱ्या पोरीची घालता तशी. केस थोडे गळले, म्हणजे रेघेचे. सुरवंटाची मुंगी झाली.

पण उरलेलं काही केल्या जाईना, आणि ते होतं बोअरच्या मोटारीचं. बोअर आमच्याच आवारात होतं. त्याच्या पाण्यावर दवाखाना चालायचा आणि भिंतीला एक नळ काढून ट्रस्टनं तो गल्लीला दिला होता. मोटार जुनी झालेली, तिची वीज थोडी थोडी जमिनीत झिरपायची आणि जमिनीतून आमच्या मशीनच्या अर्थिंगमधून वर चढायची. मोटार बंद केली की रेघ साफ. मोटार बंद केली की नळही बंद. त्यात पाऊस रुसलेला. एक वर्ष गेलं, दुसरंही तसंच निघालं. मिनिटभर नळ थांबला की भिंतीपलीकडून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. इकडं छातीत कळ घेऊन माणूस झोपलेला आणि तिकडं पंचवीस बाया घागरी घेऊन उभ्या.

यावर अप्पांनी काढलेला उपाय म्हणजे तो खड्डा. मोटारीचं अर्थिंग वेगळं आणि मशीनचं वेगळं, पार इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. पुरुषभर खोल खणून तळाशी तांब्याची पाटी, तिच्यावर कोळसा आणि मीठ यांचे थर, आणि पाटीपर्यंत पाणी पोचवायला भोकाभोकांचा पाइप. खणताना गल्लीत बातमी पसरली की दवाखान्यात नवी विहीर खणून राहिले. रिकाम्या घागरी घेऊन बायका बघायला आल्या आणि मिठाची पोती खाली जाताना बघून तोंडाला पदर लावून परतल्या.

खड्डा पुरला, वायर जोडली, आणि मोटार चालू असताना पहिल्यांदा स्वच्छ रेघ आली. अप्पांना त्या पट्टीला दोन बोटं लावून नमस्कार करताना मी पाहिलं. पण एक अट होती. खड्ड्यातली माती ओली राहिली पाहिजे. ती वाळली की तांब्याच्या पाटीचा आणि जमिनीचा संबंध सुटतो आणि रेघेला पुन्हा केस येतात. दुष्काळातली जमीन, ती पाणी टिकवते कशाला.

म्हणून रोज एक बादली त्या पाइपात ओतायची, असं ठरलं. सुरुवातीला अप्पा ती दवाखान्याच्या टाकीतूनच घ्यायचे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ते गयाबाईनं पाहिलं.

गयाबाई मिलमध्ये डाळ निवडायच्या कामाला होती. चाळिशीची, सडसडीत, आवाज असा की मिलच्या धडधडीवरून पलीकडं पोचायचा. नळाच्या रांगेत ती कायम पुढं असायची. अप्पांना बादली ओतताना बघून ती घागर ठेवून सरळ आवारात आली. ओरडली नाही, हे मला जास्त लागलं. ती म्हणाली, "अप्पा, माझ्या घरात दोन दिसापासून लेकरं वाटीनं पाणी पिऊन राहिलीत. अन् तुमी जमिनीला बादलीनं पाजून राहिले का?"

मी खिडकीतच होते. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, की बाई, तुमचा नळ बंद पडू नये म्हणूनच हे चाललंय. अप्पांनी हातानंच मला थांबवलं. बादलीत उरलेलं पाणी त्यांनी गयाबाईच्या घागरीत ओतलं आणि रिकामी बादली घेऊन आत आले. मी चिडून म्हटलं, सांगायचं ना तिला. ते म्हणाले, "सांगून कोणाची तहान भागती का, शिष्टर?"

दुसऱ्या दिवसापासून तो तेलाचा डबा सुरू झाला. साबण सोडला तोही तेव्हापासून, कारण साबणाचं पाणी त्या पाटीला मानवेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. मला आजही नाही. मी एकदा विचारलं, इतक्या कमी पाण्यात भागतं का. तर म्हणाले की उलट चांगलंच आहे, खड्ड्याला मीठ लागतं आणि आपल्या घामाचं मीठ त्यात आयतं जातं. गल्लीत मात्र अप्पा खुळावल्याची बातमी पक्की झाली. ते डबा घेऊन आले की नळावरच्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या, गयाबाई तर मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, आली बगा गंगा. अप्पा मान हलवून पुढं जायचे.

आता माझ्या चुकीबद्दल सांगायला पाहिजे. ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही.

खड्डा ओला असला तरी मोटार सुरू होताना, स्टार्टरची ठिणगी उडाली की रेघेत मध्येच एखादा उंचवटा यायचा. तो हृदयाचा नव्हे हे पत्कींना कळावं म्हणून मी पट्टीच्या कडेला पेन्सिलीनं 'मोटर' असं लिहायची. पत्कींचा माझ्यावर विश्वास होता. जिथं 'मोटर' लिहिलेलं असेल तिकडं ते बघतच नसत. हळूहळू मला त्याची इतकी सवय झाली की अनोळखी काही दिसलं की हात आपोआप पेन्सिलीकडं जायचा. खेड्यात घरात काही हरवलं की मांजरावर घालतात, तसं आम्ही सगळं मोटारीवर घालायला लागलो होतो.

एका सोमवारी सकाळी गयाबाई नळाच्या रांगेत कोसळली. चार बायकांनी उचलून आणली. तोवर ती शुद्धीवर आली होती आणि घागर कुठं आहे म्हणून विचारत होती. उपास आहे तिचा, उन्हाची उभी होती, पोटात अन्न नाही, असं बायकांनी एका सुरात सांगितलं आणि मलाही ते पटलं. त्या उन्हाळ्यात रोज कुणी ना कुणी रांगेत पडत होतं. पत्कींच्या दाराशी ही गर्दी. त्यांनी नाडी धरली, कपाळाला आठी घातली आणि एक पट्टी काढून आणा म्हणून मला सांगितलं.

मी वाट्या लावल्या, पट्टी काढली. मोठे ठोके लांब लांब होते, आणि त्यांच्या मधल्या जागेत बारीक बारीक उंचवटे, कुठं एक, कुठं दोन, कशाचा कशाला मेळ नाही. हे उंचवटे माझ्या ओळखीचे होते, किंवा मला तसं वाटलं. मी कडेला 'मोटर' लिहिलं, पट्टी फाडली आणि गयाबाईला म्हटलं, ऊठ आता, साखरपाणी पी आणि घरी जा.

अप्पा दारात उभे होते. कधी आले ते मला कळलं नव्हतं.

"शिष्टर," ते म्हणाले, "बाईला आणलं तवाच म्या बोअर बंद केली. मिलची बी बंद करून आलो. पंखा बगा, त्यो बी बंद हाय. ह्या खोलीत आता चालू असलेलं एकच हाय, ते हिचं काळीज."

भिंतीपलीकडं खरंच धडधड नव्हती. नळावर बायकांचा गलका वाढलेला ऐकू येत होता, म्हणजे पाणी थांबलं होतं. मी पुन्हा पट्टी काढली. तेच बारीक उंचवटे, आपल्या चालीनं चाललेले, आणि मोठे ठोके त्यांच्या चालीनं. मी तो शब्द रबरानं खोडला. रबर इतकं घासलं की कागद जरा फाटला. धावत जाऊन दोन्ही पट्ट्या पत्कींच्या पुढं ठेवल्या.

पत्कींनी नंतर मला समजावून सांगितलं. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा हुकूम खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नव्हता. दोघं आपापल्या मर्जीनं चालले होते आणि खालचा कधीही थांबला असता. घरी पाठवली असती तर कदाचित त्याच संध्याकाळी, घागर डोक्यावर असताना. एका ट्रस्टींच्या जीपमध्ये तिला हैदराबादला नेलं. पत्की स्वतः बरोबर गेले, इंजेक्शनं भरून घेऊन. तिथं तिच्या छातीत कातडीखाली एक छोटं मशीन बसवलं आणि महिन्याभरानं गयाबाई चालत परत आली.

पत्कींनी परत आल्यावर सगळ्यांच्या देखत माझं कौतुक केलं. पट्टी उत्तम निघाली होती, सिस्टरचं लक्ष आहे म्हणून बाई वाचली, असं म्हणाले. मी अप्पांकडं पाहिलं. ते बल्ब बदलायला शिडीवर चढले होते आणि त्यांना काही ऐकू गेलं नाही असं त्यांनी दाखवलं. पुढं त्यांनी हे कधी काढलं नाही, माझ्याशीसुद्धा नाही. माझ्या हातून एक बाई मरायची राहिली ती या माणसामुळं, आणि माझं नावही राहिलं तेही याच्यामुळंच. त्यानंतर मी पेन्सिल टेबलावर ठेवणं सोडलं. पट्टीवर काही लिहायचं तर आधी उठून मोटार बघून यायची.

गयाबाई पुन्हा मिलच्या कामावर आली तेव्हा अप्पांनी एक खडू घेतला, मिलच्या मोठ्या मोटारीपासून पावलं मोजली आणि फरशीवर आडवी रेघ ओढली. ह्या रेघेच्या आत यायचं न्हाई, माय, असं तिला सांगितलं. आता मशीन तुझ्या आत आहे, त्याला त्या मोटारीची बडबड ऐकू गेली नाही पाहिजे. रेघ पुसली गेली की ते पुन्हा ओढायचे. त्याच दिवशी मी गयाबाईला न राहवून खड्ड्याची सगळी हकीकत सांगितली. तो खड्डा ओला होता म्हणून तुमचा नळ दिवसभर चालत होता, आणि ते पाणी कुणाचं होतं. ती बराच वेळ डाळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मंग सांगाया तोंड नव्हतं का त्या माणसाला." आणि पदरानं नाक पुसलं.

नंतर पाऊस आला. चांगली वर्षं आली, खड्डा आपोआप ओला राहू लागला आणि सगळे त्याला विसरले. अप्पा रिटायर होऊन गावी गेले. जाताना त्यांनी नव्या वायरमनला तो पाइप दाखवला होता, त्यानं मान डोलावली होती आणि पुढं त्यावर कुंडी ठेवली. मी मोठी सिस्टर झाले. पट्ट्या काढायला मुली आल्या. त्यांना मी वायरींची वेणी घालायला लावायची, त्या मागं हसायच्या. मग पुन्हा एक वर्ष कोरडं गेलं, त्याच्यामागून दुसरं.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात अप्पांच्या मुलानं त्यांना दवाखान्यात आणलं. तीन दिवसांनी ते गेले. पण मला त्या तीन दिवसांचं सांगायचं नाही. ते आले त्या सकाळचं सांगायचं आहे.

मुलींना बाजूला करून पट्टी मीच काढायला बसले. अप्पा वाळले होते, पण भस्माचे पट्टे सरळ होते. मी काही म्हणायच्या आत त्यांनी करंडा डाव्या तळहातात घेतला आणि आपलं आपण झोपले. बटण दाबलं. रेघ केसाळ आली, जुन्या दिवसांसारखी. अप्पांनी मान वळवून कागद पाहिला आणि हसले.

"खड्डा वाळला म्हणायचा," ते म्हणाले.

मी उठले. बोअरची मोटार बंद करून येते म्हटलं. मला ती मोटार बंद करायचीच होती, कारण त्या केसांच्या आत जे दिसत होतं ते मोटारीचंच असावं असं मला फार वाटत होतं. अप्पांनी माझं मनगट धरलं. बंद करू नका म्हणाले, नळावर बाया असतील. पाणी घाला.

पाणी आणायला कुणाला पाठवावं म्हणून मी खिडकीशी गेले. खड्ड्यावरची कुंडी बाजूला ठेवलेली होती. गयाबाई तिथं वाकली होती. अप्पांना आणल्याचं रांगेतच कुणीतरी सांगितलं असणार. तिच्या केसांत आता पांढरं जास्त होतं, आणि कमरेवर नळाची नुकतीच भरलेली घागर होती, पहाटेपासून रांग लावून मिळालेली. ती त्या पाइपात ओतत होती, सावकाश, बाहेर सांडू न देता. मागं रांगेतल्या बायका बघत होत्या. घागर रिकामी झाली. तिनं ती शेवटचा थेंब पडेपर्यंत उपडी धरली आणि मग खिडकीशी आली.

"शिष्टर, काढा आता," ती म्हणाली.

मी पुन्हा बटण दाबलं. पट्टी सरकत आली. एकही केस नव्हता. आणि त्या स्वच्छ रेघेत अप्पांच्या हृदयाचं जे झालं होतं ते सगळं, कुणालाही वाचता येईल इतकं उघडं दिसत होतं. मी कागद हातात लपवायला बघितलं, पण त्यांनी हात पुढं केला. आपली रेघ त्यांना पाठ होती. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग दोन बोटं तिला लावली आणि कागद मला परत दिला.

"स्वच्छ आली," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मोटार चालूच हाय ना?"

चालू आहे, अप्पा, मी म्हटलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. बाहेर पुढच्या बाईची घागर भरत होती.